छत्रीखाली खरं बोलायचं

मी छत्री बोलतेय. आधीच सांगून टाकते, माझ्या गोष्टीत पाऊस नाही. उभ्या आयुष्यात मी जेमतेम दोन-चार वेळा भिजले असेन, तेही बस चुकली म्हणून. माझ्याबरोबरच्या बाकीच्या छत्र्या वाऱ्याने उलट्या झाल्या, पाण्याने गंजल्या, कुणाच्या तरी विसरभोळेपणामुळे बाकड्याखाली राहून गेल्या. मी मात्र कोरडीच म्हातारी झाले. मला कामच तसं मिळालं.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी बसून बायका काळं कापड शिवत होत्या, आणि मध्येच कुठूनतरी पिवळ्याधमक कापडाचा एक तागा आला. त्यातून आम्ही थोड्याजणी निघालो. मला शिवणारी बाई शेजारणीला म्हणाली, "ही कोण घेणार गं? मैलभरावरून दिसेल." मला ते जरा लागलं. पुढे दुकानात काळ्या छत्र्या माझ्या डोळ्यांदेखत भराभर खपल्या आणि मी खुंटीवर धूळ खात लटकत राहिले, तेव्हा तर त्या बाईचं बोलणं खरंच वाटायला लागलं.

मग एक दिवस एक तरुण मुलगी दुकानात आली आणि म्हणाली, "सगळ्यात लांबून दिसेल अशी छत्री दाखवा."

दुकानदार म्हणाला, "पावसात टिकेल अशी देतो की."

"पावसाचं राहू द्या. लांबून दिसली पाहिजे."

मी खुंटीवरच फुलले. तीच माझी ताई.

ताईला एका संग्रहालयात नोकरी लागली होती. शाळांच्या सहली यायच्या, त्यांना सगळं दाखवायचं आणि समजावून सांगायचं. पोरांची रांग लांब, दालनं अंधारी, मागची पोरं हरवायची. म्हणून मला उंच धरून ती पुढे चालणार होती. पहिल्याच दिवशी दारावरच्या पहारेकऱ्याने तिला अडवलं. "बाई, छत्र्या बाहेर ठेवायच्या. नियम आहे."

ताई म्हणाली, "ही छत्री नाही. हे शैक्षणिक साहित्य आहे."

पहारेकऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी शक्य तितकी शैक्षणिक दिसायचा प्रयत्न केला. शेवटी त्याने आम्हाला सोडलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी तो मला सलाम ठोकायचा. बाहेरच्या स्टँडमध्ये उभ्या असलेल्या काळ्या छत्र्यांच्या नाकाला कशा मिरच्या झोंबल्या असतील, ते मी पुरतं जाणून होते.

आता संग्रहालयाविषयी सांगते. ते काही राजाच्या तलवारींचं वगैरे नव्हतं. ताईच्या आजीच्या तरुणपणी, त्याच शहरात, सत्तेवरच्या लोकांनी ठरवलं की अमुक एक भाषा बोलणारी, अमुक आडनावांची माणसं आपल्याला नकोत. म्हातारी नकोत, तान्ही नकोत, कुणीच नको. याला वंशसंहार म्हणतात. गल्लीगल्लीतून माणसं बाहेर काढली, मालगोदामात आणून बसवली आणि तिथून गाड्या भरून नेली. नेली ती मारायलाच. आमचं संग्रहालय त्याच गोदामात आहे. भिंती जुन्याच आहेत. आवारात एक लांब दगडी भिंत आहे, तिच्यावर मारल्या गेलेल्या माणसांची नावं कोरली आहेत, आणि अजूनही कोरतात, कारण सगळी नावं अजून सापडलेली नाहीत.

अशा जागी पिवळी छत्री घेऊन कुणी फिरतं का, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं.

सुरुवातीला ताई फार वाईट शिकवायची. माझीच माणूस आहे, पण खरं ते खरं. सनावळ्या सांगायची, आकडे सांगायची, माझ्या टोकाने नकाशावर रेघा दाखवायची. पोरं एक तर जांभया द्यायची, नाहीतर घाबरून पांढरी पडायची. एकदा एक मुलगी फोटोंसमोर उभी असताना खुदकन हसली. हसू आलं म्हणून नव्हे हो, भीतीने माणसाला कधी कधी हसू फुटतं तसं. तिच्या शिक्षकांनी सगळ्यांसमोर तिची अशी काही कानउघाडणी केली की पोरगी रडत आवारात पळाली. ताई तिच्यामागे गेली. ऊन मी म्हणत होतं. ताईने मला उघडलं आणि दोघी माझ्याखाली बसल्या.

डोळे पुसत पोरीने विचारलं, "त्या लोकांना नेलं, मग त्यांच्या मांजरांचं काय झालं?"

ताईला उत्तर माहीत नव्हतं. तसं तिने सांगितलं. मग म्हणाली, "पण हे मी शोधते." आणि खरंच तिने शोधलं. गल्ल्या रिकाम्या झाल्यावर मांजरं कितीतरी दिवस दारांत बसून होती, असं एका म्हाताऱ्या दूधवाल्याने तिला सांगितलं. पुढच्या सहलीला ताईने सनावळ्यांआधी ती मांजरं सांगितली. त्या दिवशी एकाही पोराने जांभई दिली नाही.

तेव्हापासून नियम पडला. सगळी दालनं बघून झाली की आवारात यायचं, मी उघडायची. माझ्याखाली ज्याला यायचं त्याने यावं आणि काय वाट्टेल ते विचारावं. कुणी हसायचं नाही, कुणी रागवायचं नाही. आणि छत्रीखाली ज्याला विचारलं, त्याने खरं तेच सांगायचं. 'माहीत नाही' हेही चालतं, पण ते खरं असेल तरच.

पोरं काय काय विचारायची. "मारणारे संध्याकाळी घरी जाऊन जेवायचे का?" ताई सांगायची, "हो. जेवायचे, मुलांना गोष्टीही सांगायचे." एवढं ऐकून पोरं जितकी गप्प व्हायची, तितकी फोटो बघून कधी झाली नाहीत. कुणी विचारायचं, "तुम्ही त्यांना तुमच्या घरात लपवलं असतंत का?" ताई म्हणायची, "असतं, असं मला वाटतं. पण खात्री नाही. म्हणून तर रोज इथे येते." आणि एका बुटक्या मुलाने एकदा अगदी गंभीरपणे विचारलं, "तुम्ही घोरता का?" नियम तो नियम. ताईला कबूल करावं लागलं.

हे लोण तिच्या घरीही गेलं. तिची लेक जरा मोठी झाल्यावर मला खुंटीवरून काढायची, बैठकीच्या खोलीत उघडायची आणि आईला बोलवायची, "इकडे ये छत्रीखाली. माझ्या नाटकाला का आली नाहीस?" ताईचा नवरा पेपरामागे तोंड लपवून हसायचा. मग त्यालाही बोलावणं यायचं.

अशी वर्षं गेली. पोरं तिला छत्रीताई म्हणायला लागली. आणि रोज उघडमीट करून करून माझी हाडं खिळखिळी झाली.

संग्रहालयासमोर, रस्त्यापलीकडे, छत्र्या आणि बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांचं टपरीवजा दुकान होतं. माझी काडी निसटली, टाका उसवला की ताई मला त्यांच्याकडे ठेवून जायची. काका अबोल म्हणून प्रसिद्ध. गिऱ्हाइकाशी बोलणं म्हणजे "उद्या या" आणि "झालंय", बस्स. ताईने एकदा त्यांना म्हटलं होतं, "काका, समोरच तर आहे, या की एकदा बघायला." ते पक्कड शोधायला खाली वाकले ते ताई जाईपर्यंत वर आलेच नाहीत. ताईने पुन्हा तो विषय काढला नाही. कुणाला आपण होऊन खणत बसायचं नाही, हा तिचा बाणा होता.

पण काका छत्र्यांशी बोलायचे. दुकानात कुणी नसलं की मला मांडीवर घेऊन हलक्या आवाजात सुरू व्हायचे, "काय गं, आज कुठल्या शाळेची पोरं होती? फार दामटवलंय तुला." मला त्यांचा हात आवडायचा. सुई घालायचे ते मला कळायचंसुद्धा नाही.

आमच्या संग्रहालयात एक काचेची पेटी आहे, तिच्यात बटणं आहेत. शहरात एक बटणवाल्यांची गल्ली होती, घरोघर शिंपल्यांची बटणं करायचे. त्यांची खूण म्हणजे बटणाला तीन भोकं. बाकी जगात दोन असतात नाहीतर चार. ताई त्या पेटीसमोर थांबायची, पोरांना भोकं मोजायला लावायची आणि म्हणायची, "या गल्लीतलं कुणीही वाचलं नाही." भिंतीवरच्या पाटीवरही तसंच लिहिलं होतं.

आणि एक दिवस दुकानात काकांनी खालच्या फळीवरून एक डबी काढली. माझा बांधायचा पट्टा सुटला होता, त्याचं बटण पडलं होतं. काकांनी डबीतून एक बटण घेतलं, शर्टाला पुसलं आणि माझ्या पट्ट्याला शिवायला लागले. मी बघितलं, त्याला तीन भोकं होती.

"माझ्या बापाने केलंय," काका मला म्हणाले. "तू रोज आत जातेस. हे घेऊन जा. माझे पाय उचलत नाहीत."

आता माझी काय अवस्था झाली असेल, तुम्हीच सांगा. रस्त्याच्या अलीकडे ताई रोज सांगतेय, कुणी वाचलं नाही. पलीकडे तो वाचलेला माणूस तिचीच छत्री दुरुस्त करतोय. त्याच्या घरच्यांची नावं भिंतीवर नाहीत, कारण ती दुसऱ्या कुणालाच माहीत नाहीत. काका दरवर्षी थोडे अधिक वाकत होते, खोकत होते. ते गेले असते, तर ती नावंही त्यांच्याबरोबर गेली असती. आणि हे सगळं ठाऊक कुणाला, तर मला, जिला तोंड नाही. ताई मला मिटून पट्टा बांधायची, तेव्हा तिचा अंगठा रोज त्या बटणावर पडायचा. मी मनातल्या मनात ओरडायचे, अगं बघ ना जरा खाली. पण ती कायम पोरांकडे बघत असायची. बटणाची भोकं मोजायला शेकडो पोरांना शिकवणाऱ्या माझ्या ताईने स्वतःच्या हातातलं बटण मात्र कधी बघितलं नाही.

बघितलं ते एका चष्मेवाल्या मुलीने. त्या दिवशी आवारात दोन पोरांची माझ्याखाली जागा मिळवण्यावरून झटापट झाली आणि माझी एक काडी काडकन मोडली. जीव कळवळला, पण आज वाटतं, बरं झालं. चष्मेवाली मला गोळा करून पट्टा बांधायला लागली आणि थबकली.

"ताई, याला तीन भोकं आहेत."

"अगं, आतल्या बटणांना, पेटीतल्या."

"नाही, तुमच्या छत्रीच्या बटणाला."

ताईने पट्टा हातात घेतला. एकेक भोक मोजलं. पुन्हा मोजलं. मग ती सरळ फाटकाकडे निघाली, मागे पोरांची अख्खी रांग. वर्गशिक्षक धावत आले, "ताई, बस उभी आहे, ड्रायव्हर ओरडतोय." ताई म्हणाली, "पाचच मिनिटं, सर. काडी मोडलीय."

काका चहा पीत होते. दुकानासमोर एवढी पोरं बघून त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ताई विचारणार. पण तिने काही विचारलं नाही. मला फळीवर ठेवलं आणि नेहमीसारखंच म्हणाली, "काका, काडी मोडलीय." आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग पट्ट्याकडे. त्यांनी तार काढली, पक्कड घेतली आणि काडी बसवायला लागले. पोरं टाचा उंचावून बघत होती. काम झाल्यावर काका उभे राहिले आणि रोजच्या सवयीने मला उघडून डोक्यावर धरलं, ताण नीट आहे का ते बघायला.

चष्मेवाली म्हणाली, "काका, तुम्ही छत्रीखाली आहात."

"मग?"

"छत्रीखाली असलं की विचारायचं, आणि खरं सांगायचं. नियम आहे."

"कुणी केला हा नियम?"

सगळ्या पोरांनी ताईकडे बोटं दाखवली. ताई गडबडून म्हणाली, "नाही नाही काका, तो फक्त आमच्या आवारात. तुम्ही मिटा ती."

मीही घाबरले. एका खटक्याचं काम होतं. काकांनी मला मिटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्यांचा अंगठा खटक्यावर होता. तो तिथेच राहिला आणि मग हळूच बाजूला झाला.

"विचार," काका म्हणाले.

"हे बटण कुणाचं?"

"माझ्या वडिलांनी केलेलं."

"पण ताई म्हणतात, त्या गल्लीतलं कुणीच वाचलं नाही."

"एक वाचला," काका म्हणाले. "हा काय, तुमच्यासमोर काड्या बसवतोय."

ताईने तोंडावर हात ठेवला. पोरांना मात्र आता कंठ फुटला. तुम्ही तेव्हा केवढे होतात, तुमच्या घरात कोण कोण होतं, तुम्हीपण बटणं करायचात का. काका उत्तरं देत गेले. पहिली दोन-तीन अडखळत आली, मग ते बोलायलाच लागले. घरात सगळीकडे शिंपल्यांचा भुगा असायचा, चपातीतसुद्धा कचकच लागायची. आजी भुगा झाडायची आणि सगळ्यांना शिव्या घालायची. एक मोठी बहीण होती, तिला सगळी गल्ली भोंगा म्हणायची.

"भोंगा?" पोरं फसकन हसली.

"मग काय. रडली तरी गल्लीला कळायचं, हसली तरी गल्लीला कळायचं. आई म्हणायची, हिला सासरी धाडलं तरी हिचा आवाज इथवर येईल. खेळात लबाडी करायची, आणि पकडली की इतकं मोठ्याने भांडायची की आपणच चुकलो असं वाटायचं." काका स्वतःच हसायला लागले. काका हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मग मागून कुणीतरी विचारलं, "तिचं काय झालं?"

काकांनी माझा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"शिपाई आले तेव्हा मी माळ्यावर होतो. शिंपल्यांच्या पोत्यांमागे. खाली सगळ्यांना रांगेत उभं केलं. त्यांनी भोंगाला विचारलं, कारण रांगेत तीच लहान, घाबरून सांगेल. आणखी कोण आहे घरात? मला वाटलं, आता ही भोकाड पसरणार. पण ती बोललीच नाही. एक अक्षर नाही. रडलीसुद्धा नाही. जाताना तिच्या पायांचाही आवाज आला नाही मला."

रस्त्यावर बस हॉर्न वाजवत होती. वर्गशिक्षक तिकडे गेले, ड्रायव्हरशी काहीतरी बोलले, आणि हॉर्न थांबला.

"ती माझ्यासाठी गप्प बसली," काका म्हणाले. "मी इतकी वर्षं कुणासाठी गप्प बसलोय, ते माझं मलाच कळत नाही."

चष्मेवाली पुढे झाली आणि माझ्याखाली त्यांच्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, "तिचं खरं नाव काय होतं?"

काकांनी सांगितलं. मग आईचं, वडिलांचं, आजीचं. ताईने एकेक नाव त्यांच्यामागून म्हटलं, आणि तिच्यामागून पोरांनी म्हटलं, अगदी पाढे म्हणतात तसं एकसुरात. टपरीसमोरची माणसं थांबून बघायला लागली. मी पुष्कळ शिकवणं बघितलंय, पण त्या दिवसासारखं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या सहलीला ताई बटणांच्या पेटीसमोर थांबली आणि म्हणाली, "या गल्लीतला एक मुलगा वाचला. तो समोरच्या दुकानात बसतो. त्याला उगीच त्रास देऊ नका, पण छत्री मोडली असेल तर जरूर जा." पाटीही बदलावी लागली. पाटी बदलणारा माणूस म्हणाला, एवढी वर्षं चूकच होती म्हणायची. ताई म्हणाली, "हो, चूकच होती." इतकी खूश होऊन स्वतःची चूक सांगणारी बाई त्याने बघितली नसावी.

नावं कोरायची वेळ आली तेव्हा काका पहिल्यांदा रस्ता ओलांडून आत आले. ऊन नव्हतं, तरी ताईने मला त्यांच्यावर धरलं होतं. काकांची एकच अट होती, बहिणीच्या नावाखाली भोंगा असंही कोरायचं. संचालक अवघडून म्हणाले, "काका, अशा भिंतीवर टोपणनावं घालत नाहीत. लोक हसतील."

काका म्हणाले, "त्या मोठ्या नावाने तिला शाळेच्या हजेरीशिवाय कुणी हाक मारली नाही."

संचालकांनी कोरणाऱ्याला मान हलवून खूण केली. नावाखाली लहान अक्षरांत 'भोंगा' आलं.

आता माझ्याविषयी थोडं. माझं पिवळं कापड फिकट झालंय, दोन जागी ठिगळं आहेत, आणि मूळच्या काड्या किती उरल्यात ते फक्त काकांना माहीत. ताई पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. मला काचेत ठेवायचा विचार निघाला होता. ताईने साफ नकार दिला आणि मला नव्या शिक्षिकेच्या हातात दिलं. ती पोरगी मला अजून जरा वाकडी धरते, पण शिकेल.

तुम्ही कधी आलात, तर भिंतीपाशी जा. भोंगाचं खरं नाव मी तुम्हाला सांगितलेलं नाही, मुद्दामच. ते तिथे वाचा, आणि मोठ्याने वाचा. परवाच एका वर्गाने वाचलं. खालचं भोंगा बघून पोरं खो खो हसली आणि त्यांच्या बाई त्यांना दटावायला धावल्या. काका आता आवारातल्या बाकावर येऊन बसतात. ते तिथूनच म्हणाले, "हसू द्या हो बाई. तिला कुणी हसून किती वर्षं झाली."